कारवी कुणी तोडली

आमच्या टेकडीवर चढताना अर्ध्या वाटेवर, दगडी बाकाशेजारी, एक हिरवा फलक आहे. ‘या उतारावर पूर्वी कारवीचे दाट रान होते. वाडीतील रहिवाशांनी घरांच्या कुडांसाठी केलेल्या बेसुमार तोडीमुळे ते नष्ट झाले. निसर्ग जपा.’ शाळांच्या सहली तिथं थांबतात. गाइड मजकूर मोठ्यानं वाचून दाखवतो आणि मग मुलं डबे उघडतात. तो मजकूर मी लिहिलेला आहे. शुद्धलेखन तपासून लिहिला होता. त्यातलं मधलं वाक्य खोटं आहे.

वाडीतले रहिवासी म्हणजे नेमकं कोण, हे फलकावर नाही. पण आसपासच्या गावांत कुणालाही विचारा, ‘ठकूबाई’ असंच उत्तर येईल. या ठकूबाईनं माझ्या हाताखाली सात वर्षं काम केलं. खरं तर पहिली दोन वर्षं सोडली तर मीच तिच्या हाताखाली शिकत होतो, पण हे मी तेव्हा कुणाजवळ बोललो नाही.

मी शहरातल्या उद्यान खात्यात पस्तीस वर्षं नोकरी केली. हिरवळ, मेंदीची कुंपणं, कारंजी, गुलाबांचे वाफे. निवृत्त झाल्यावर कासार आंबोलीच्या पुढे लहानसं घर बांधलं. त्याच सुमारास गावानं आणि हिंजवडीतल्या एका कंपनीनं मिळून मागच्या बऱ्याचशा उघड्या टेकडीवर उद्यान करायचं ठरवलं होतं. शोभेचं नाही, तर इथं पूर्वी जे रान होतं तेच परत उभं करायचं. त्यासाठी नेमलेल्या समितीला देखरेखीसाठी जाणता माणूस हवा होता. मी स्वतःहून गेलो. बागेतलं मला सगळं येत होतं, म्हणून रानातलंही येईल असं मी धरून चाललो.

पहिल्या दिवशी मी दोरी आणि फक्की घेऊन उतारावर सरळ रेषा आखत होतो. दहा-दहा फुटांवर खड्डा. कामाला शेजारच्या वाडीवरच्या सहा बाया आल्या होत्या. त्यांतली एक कोयता कमरेला खोचून, मिश्रीचं बोट दातांवर फिरवत बराच वेळ बघत उभी राहिली. काटक, उन्हानं रापलेली, डाव्या कानाची पाळी फाटून दोन झालेली. ती ठकूबाई.

‘‘सायब,’’ ती म्हणाली, ‘‘ह्या झाडास्नी शाळंत घालायचं हाय व्हय?’’

बाकीच्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या.

‘‘ओळीत लावलं की पाणी द्यायला सोपं जातं,’’ मी म्हणालो.

‘‘पानी वरनं येतं. ते वळ बघत न्हाई. त्यो बगा धोंडा, त्येच्या खालच्या अंगाला वल राहती. तितं लावा. ह्यो हितं वारा लागतोय, हितं काय जगायचं न्हाई, गवात ऱ्हाऊ द्या.’’

मी फक्कीची रेष पुरी केली. पहिल्या उन्हाळ्यात माझ्या ओळीतली बहुतेक रोपं वाळली आणि धोंड्याच्या आडोशाला तिनं मला न विचारता लावलेली टिकली. त्यानंतर मी दोरी आणली नाही. आणली नाही याचं कारण मात्र मी समितीच्या बैठकीत ‘नैसर्गिक रचनेचा अवलंब’ असं सांगितलं, आणि त्याबद्दल माझं कौतुक झालं.

तिला लिहितावाचता येत नव्हतं. झाडांचे दोनच गट होते तिच्या लेखी, घरचे आणि पावणे. ऐन, हिरडा, बेहडा, कुंभा, करवंद हे घरचे. सुबाभूळ, गिरिपुष्प हे पावणे. टेकडीवर पूर्वी कुणीतरी गिरिपुष्प भरमसाट लावून ठेवलं होतं. मी ते एका हंगामात काढून टाकायला निघालो तेव्हा तिनं अडवलं. ‘‘पावणा झाला म्हनून मांडीवरचं ताट वढून घेत्यात का? पाखरांनी घरटी केल्यात. थोडं थोडं काडा. शेजारी घरचं झाड उभं ऱ्हायलं की मग धाडा त्याला गावाला.’’ आम्ही चार वर्षं ते थोडं थोडं काढत होतो.

ती काही देवमाणूस नव्हती. जीभ तिखट होती आणि डूख धरायची. एका मेंढपाळाच्या शेळ्या एकदा रोपांत शिरल्या, त्यावरून तिनं त्या माणसाशी तीन वर्षं बोलणं टाकलं होतं. रस्त्यात समोर आला तर त्याच्या शेळीशी बोलायची. ‘‘सांग गं तुज्या धन्याला, बाजूला सर म्हनाव.’’ टेकडीवरच्या खेकड्यांवर, अळंब्यांवर, कडूकंदावर तिचा हक्क होता असं ती धरून चाले, आणि माझ्यादेखत ओच्यात बांधून नेई. हजेरीच्या वेळी तर ती सरळ खोटं बोलायची. मी वही घेऊन नाव पुकारलं की न आलेल्या बाईचीही ‘‘हाय की!’’ अशी हाळी तीच द्यायची. एकदा मी हटकलं, ‘‘ठकूबाई, सगुणा दिसत नाही.’’

‘‘झाडामागं हाय.’’

‘‘कुठल्या झाडामागं? इथं गुडघ्याएवढी रोपं आहेत.’’

‘‘मग वाकली असंल,’’ ती म्हणाली, आणि त्या दिवशी सगुणाच्या वाटचे खड्डेही तिनंच खणले. सगुणाचं पोर तापानं फणफणलं होतं, हे मला संध्याकाळी कळलं.

कंपनीची मुलं-मुली दर पावसाळ्यात झाडं लावायला यायची. एकसारखे टी-शर्ट, नवे बूट, हिंजवडीहून दोन बस भरून. प्रत्येकाच्या हातात एकेक रोप दिलं जाई. फोटो होत, नाश्ता होई, दुपारपर्यंत बस परत जात. एका वर्षी बस निघायच्या तयारीत असताना मी पाहिलं, ठकूबाई एकेका खड्ड्याशी जाऊन आत्ताच लावलेलं रोप उपसून काढत होती. मी धावलो. पाहतो तर बहुतेकांनी प्लास्टिकच्या पिशवीसकट रोपं पुरली होती.

‘‘फोटू निघाला न्हवं? मग आता झाड लावू,’’ असं म्हणून ती कोयत्यानं पिशवी फाडत होती. मागे राहिलेल्या एका मुलीनं ते ऐकलं आणि ओशाळून उभी राहिली. ठकूबाईनं तिच्याकडे बघितलं, तिच्या हातात एक रोप दिलं आणि म्हणाली, ‘‘लाव तू. मी बगते.’’ बस हॉर्न वाजवत होती. त्या मुलीनं पाच झाडं लावली. पुढं ती मुलगी दर रविवारी यायची. ठकूबाईला ‘मावशी’ म्हणायची आणि तिच्याकडून शिव्याही खायची.

आता कारवीचं सांगतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी एवढंच, की कारवी हे पुरुषभर उंचीचं, काठ्याकाठ्यांचं झुडूप. सात-आठ वर्षांनी एकदाच फुलतं, सगळं रान एकदम, आणि मग मरून जातं. मेलं तरी उभं राहतं. फुलांच्या जागी बोंडं धरतात, ती पुढचा उन्हाळा संपेपर्यंत मिटलेली असतात, आणि पाऊस अंगावर पडला की तडतड फुटून बी फेकतात. त्या बियांतून पुढचं रान उगवतं. वाडीवर घरांचे कुड, म्हणजे लिंपलेल्या भिंती, अजून कारवीचे आहेत. काठ्या त्यांना लागतातच. पण त्यांची रीत अशी, की फुललेल्या कारवीला बोंडं फुटेपर्यंत कोयता लावायचा नाही. नंतर हव्या तेवढ्या न्या.

आमचा पश्चिमेचा उतार तेवढा पूर्वीपासून कारवीनं भरलेला होता. आठ-नऊ वर्षांपूर्वी भाद्रपदात तो फुलला. पुण्याहून गाड्या यायला लागल्या. दिवाळीनंतर तो तपकिरी झाला आणि फाल्गुनात तर जळून गेल्यासारखा दिसायला लागला. काठ्यांवर चिकट, काळपट बोंडं. आणि मे महिन्यात कंपनीचे मोठे अधिकारी उद्यान पाहायला येणार असं समितीनं कळवलं.

मी तिला म्हणालो, ‘‘ठकूबाई, तेवढा उतार साफ करून घेऊ. वाळलेलं आहे, वणवा लागला तर सगळी टेकडी जाईल.’’

वणव्याची भीती खोटी नव्हती. पण ते माझं पहिलं कारण नव्हतं. पस्तीस वर्षं मी एकच गोष्ट केली होती. वाळलं ते काढलं. वाळलेली फांदी, वाळलेलं फूल, वाळलेला वाफा. पाहुणे यायच्या आधी तर हमखास.

‘‘औंदा न्हाई,’’ ती म्हणाली. ‘‘पोटुशी हाय ती.’’

‘‘मेलेली आहे, ठकूबाई.’’

‘‘मेली. पर पोटात हाय. तिचा आवाज व्हऊ द्या, मग मीच तोडते. वनव्यासाठनं कडंचं गवात काडून देते, पाच हात रुंद. पर तिला हात लावू नगा, सायब.’’

मी तेव्हा वाद घातला नाही. वैशाखात तिच्या बहिणीच्या मुलीचं लग्न होतं, तीन दिवस सगळी वाडी तिकडे गेली. त्या तीन दिवसांत मी समितीला न कळवता जांबे गावाहून बारा मजूर आणले. ती माणसं परमुलखातली होती, त्यांना कारवी काय आणि तूर काय, सारखीच. त्यांनी उतार बोडका केला, ढीग लावले आणि माझ्या सांगण्यावरून पेटवले. बोंडं जळताना तडतडली. मी तिथं उभा होतो.

चौथ्या दिवशी ती कामावर आली. मी बोलणी खायच्या तयारीत होतो. पण ती राखेच्या कडेनं फिरत, जळायची राहिलेली चार-दोन बोंडं पदरात गोळा करत राहिली. दुपारी बायांनी भाकरीला हाक मारली तरी आली नाही.

दुसऱ्या दिवसापासून ती सकाळी उशिरा यायला लागली, डोक्यावर भारा घेऊन. डोंगराच्या पलीकडच्या खोऱ्यात त्याच वर्षी फुललेली कारवी होती. तिथून बोंडांसकट काठ्या तोडून, दोन तासांची चढउतार करून, ती आमच्या उतारावर आणून पसरत होती. जी रीत ती जन्मभर पाळत आली, ती तिनं पलीकडच्या रानात मोडली, ती आमच्या रानासाठी. मी मोजले नाहीत, पण आठ-दहा भारे तरी आणले असतील. वाटेत तिला पुष्कळांनी पाहिलं. मीही रोज पाहत होतो.

अधिकारी यायच्या आदल्या दिवशी मी तो पसारा उचलायला लावला. ‘‘हा कचरा पुन्हा इथं आणायचा नाही,’’ असं मी तिला सगळ्या बायांसमोर सांगितलं. वरच्या कोपऱ्यात, पाण्याच्या टाकीमागं टाकलेले दोन भारे तेवढे नजरेतून सुटले.

त्या पावसाळ्यात उतारावर काही उगवलं नाही. मी तिथं बांबू लावला. जुनी मुळं वर्षभर माती धरून होती, ती कुजली, आणि दुसऱ्या पावसाळ्यात एका दुपारी तो सगळा उतार खाली आला. पायवाट गेली, कुंपण गेलं, टाकी कलंडली. दरडीखाली कुणी सापडलं नाही, हे नशीब.

कंपनीनं विचारलं, दरड का आली? समितीची बैठक बसली. मी माझ्या परीनं पावसाचा जोर वगैरे सांगत होतो. तेवढ्यात आमचे एक सभासद म्हणाले, ‘‘अहो, कारवी होती तोवर माती धरून होती. कारवी गेली कुठं? मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, ठकूबाई डोक्यावर भारे घेऊन चालली होती. एक दिवस नाही, रोज.’’ मग माझ्याकडे वळून म्हणाले, ‘‘काय साहेब, खरं की नाही?’’

सगळे माझ्याकडे बघत होते. कंपनीची बाई पेन घेऊन थांबली होती.

मी म्हणालो, ‘‘भारे मीही पाहिलेत.’’

एवढंच. यातला शब्दही खोटा नव्हता. भारा कुठून कुठं चालला होता, हे मला कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. बैठकीत ठराव झाला. ठकूबाईला आणि तिच्याबरोबर वाडीवरच्या पाचही बायांना कामावरून काढलं, आणि वाडीला टेकडीवर यायची बंदी झाली. खेकडे, अळंब्या, सरपण, सगळंच संपलं. फलक लावायचा ठरला तेव्हा ‘‘साहेब, तुमची भाषा चांगली आहे, तुम्हीच लिहा’’ असं म्हणाले.

तिला काढल्याचं सांगायला मी गेलो नाही, शिपाई पाठवला. नंतर एकदा ती रस्त्यात समोरून आली. मला वाटलं, आता मेंढपाळासारखं माझंही होणार. पण माझ्याबरोबर शेळी नव्हती. ती नुसती बाजूनं निघून गेली.

गेल्या वर्षी भाद्रपदात डोंगराच्या पलीकडचं खोरं पुन्हा फुललं. आमचा उतार उघडाच होता. फक्त वर, जुन्या टाकीच्या मागं, जिथपर्यंत दरड पोचली नव्हती, तिथं खाटेएवढा एक पट्टा जांभळा झाला होता. त्या दिवशी एक सहल आली होती. गाइड फलक वाचून झाल्यावर मुलांना म्हणाला, ‘‘आणि ती वर दिसते ना, ती कारवी आपल्या समितीनं वाचवलेली आहे.’’ मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी बाकावर बसलो होतो. त्यानं माझ्याकडे हात करून, ‘‘हे आमचे साहेब,’’ असंही सांगितलं.

मी समितीला पत्र दिलं, घडलं ते सगळं लिहून. ते अध्यक्षांनी वाचलं. मग म्हणाले, ‘‘साहेब, आता कशाला? दरडीचं नुकसान भरून निघालं. बाई दुसरीकडे कामाला लागली. कंपनीला काय सांगायचं, आमचा माणूसच खोटं बोलला म्हणून? तुमचं वय झालंय, तब्येत सांभाळा.’’ पत्र त्यांनी घडी करून खिशात ठेवलं. नोंदवहीत ते चढलं नाही.

मग मी तिला शोधलं. जांब्याजवळ नव्या इमारतींची एक मोठी वसाहत आहे, तिथल्या बागेत ती ठेकेदाराकडे कामाला होती. फाटकावर नाव-गाव लिहून आत गेलो. लुगड्यावर पिवळं जाकीट घातलेली, मोठी कात्री घेऊन ती मेंदीचं कुंपण सरळ कापत होती. माझ्या खात्यात कापायचे तसं, दोरी लावून.

‘‘सायब? तुमी हितं कुटं?’’

‘‘तुम्हाला भेटायला आलो, ठकूबाई.’’

‘‘तुमाला?’’ ती हसली. ‘‘मला कवापासनं ‘तुमाला’ म्हनाय लागला?’’

मी सगळं बोललो. ती कात्रीच्या पात्यावरचा चीक पुसत ऐकत होती.

‘‘हे मला कशापाई सांगताय? भारं कुटनं आनलं ते मला ठावं हाय. तुमास्नी ठावं हाय. बाकीच्यास्नी न्हाई.’’

‘‘मी तो फलक काढायला लावतो. नवा लावू. ठकूबाईंनी वाचवलेली कारवी, असं तुमचं नाव घालून.’’

‘‘माजं नाव नगं तितं.’’ पहिल्यांदाच तिचा आवाज चढला. ‘‘माज्या नावाचं लई झालं. नातीला शाळंतनं न्हेलती तुमच्या टेकडीवर. घरी येऊन मला म्हनली, आजे, आपुन चोर हाय व्हय? पाटीवर लिवलंय.’’

‘‘मग काय सांगितलंत?’’

‘‘काय सांगनार? म्हनलं, शिकल्याल्या मानसानं लिवलंय.’’ तिनं कात्री उचलली. ‘‘पाटी लावायची तर तोडली कुनी, त्याचं नाव लावा. जमतंय का बगा. न्हाई तर ऱ्हाऊ द्या.’’

मी पुन्हा समितीकडे गेलो. जमलं नाही. फलक तसाच आहे. म्हणून इथं लिहितो: त्या उतारावरची कारवी मी तोडायला लावली, वाडी लग्नाला गेली होती तेव्हा, आणि मीच जाळली. ठकूबाईच्या डोक्यावरचे भारे टेकडीवर येत होते, टेकडीवरून जात नव्हते. हे मला तेव्हाही माहीत होतं. वाडीच्या माणसांनी त्या रानाची काडी नेलेली नाही. समितीनं माझ्यावर काय करायचं ते करावं, पण वाडीची बंदी उठवावी.

त्या दिवशी तिच्याशी बोलून मी बाहेर पडलो आणि समोरच्या थांब्यावर रिक्षाची वाट बघत बसलो. पाच वाजता बागकाम करणाऱ्या, झाडलोट करणाऱ्या बाया फाटकाशी रांगेत उभ्या राहिल्या. तिथं तशी पद्धत आहे, की बाहेर पडताना पहारेकऱ्याला पिशवी उघडून दाखवायची. तो प्रत्येक पिशवीत काठी घालून बघत होता. ठकूबाईची पाळी आली. तिनं पिशवी उघडली, त्यानं पाहिलं, मान हलवली. पुढं होताना तिला मी दिसलो. ती रस्ता ओलांडून माझ्यापर्यंत आली आणि दोन्ही हातांनी पिशवीचं तोंड रुंद करून माझ्यापुढं धरली.

‘‘तुमीबी बगून घ्या, सायब.’’

मागच्या बाया हसल्या. त्यांना थट्टा वाटली. आत डबा होता, पाण्याची बाटली, आणि घडी घातलेलं ते पिवळं जाकीट. मी ‘‘नको, नको’’ म्हणत होतो. ती हसत नव्हती. ‘‘चल की गं ठके, टमटम जाईल,’’ अशी मागून हाक येईपर्यंत तिनं पिशवी तशीच उघडी धरली होती.